मंडळी म्हणजे मी एकटा

…आणि वर मलाच विचारतात, ‘धैर्यवान, तुम्हाला कोणी सांगितलं होतं हो दगड बघायला जायला?’ आता ह्याला काय उत्तर देणार! कोणी सांगणार? बायकोने सांगितलं! नाहीतर मी, शरदचंद्र धैर्यवान, ठाकूरद्वारचा, सव्वीस वर्षं सरकारी कचेरीत टेबलाला चिकटलेला माणूस… हो, आडनाव धैर्यवानच आहे, हसून घ्या, कोर्टातसुद्धा हसले… तर मी रविवारी सकाळी सहा वाजता उठून आपण होऊन दगड बघायला जाईन? अहो, दगड तो दगड, त्यात बघायचं काय?

तुम्हाला सांगतो, रविवार म्हणजे आमच्या पाठारे प्रभूंच्या घरात भुजण्याचा दिवस. कोलंबीचं भुजणं! सकाळपासून वास सुटलेला असतो, मी आरामखुर्चीत पडलेला असतो, हातात पेपर असतो. आणि त्या रविवारी, वीस नोव्हेंबर, पंचावन्न साल, मी कुठे? तर वरळीच्या समुद्रावर, वाकून, हातात पोळी आणि बटाट्याची कोरडी भाजी! कशासाठी? तर आमच्या शेजारच्या खोलीतले प्रोफेसर गुप्ते. हेरंबराव गुप्ते. एकटा जीव, लग्न नाही, मूलबाळ नाही, खोलीत कॉटखाली दगड, खिडकीत दगड, मोरीत दगड! कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. त्यांनी चाळीच्या फळ्यावर खडूने लिहिलं, ‘मुंबईचे अद्भुत खडक, एक दिवसाची मार्गदर्शित सहल, विनामूल्य, सर्वांनी लाभ घ्यावा.’ मी वाचलं आणि पुढे गेलो. मला काय त्याचं?

पण आमची उर्मिला! ‘वर्षभर आपल्या सुनंदाला शास्त्र शिकवलं त्यांनी. एक पैसा घेतला नाही. पोरगी पास झाली ती त्यांच्यामुळे. आणि तुम्हाला एक रविवार जड होतोय?’ आता झालं! म्हटलं, जाऊ, चाळीतले वीसपंचवीस जण असतील, मागे मागे राहू, झाडाखाली बसू, डुलकी काढू.

सकाळी साडेसहाला खाली उतरलो तर प्रोफेसर उभे. खाकी अर्धी विजार, पायमोजे गुडघ्यापर्यंत, खांद्याला कॅनव्हासची पिशवी, हातात हातोडी. मी म्हटलं, ‘बाकीचे?’ ते म्हणाले, ‘येतील.’ पावणेसात झाले, सात झाले. कोण येणार हो त्या दिवसांत? गावात वातावरण काय होतं! ज्याच्या त्याच्या तोंडी संयुक्त महाराष्ट्र, गल्लीगल्लीत सभा, दुसऱ्या दिवशी संपाची हाक… दगड बघायला कुणाला फुरसत? सात वाजता प्रोफेसरांनी घड्याळ बघितलं, घसा साफ केला आणि मोठ्याने म्हणाले, ‘मंडळी, निघायचं का?’ मी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. मंडळी म्हणजे मी! एकटा!

आणि तुम्हाला सांगतो, दिवसभर तेच. वरळीला, ‘मंडळी, इकडे या, पायाखाली बघा!’ मी पायाखाली बघतो तर चिखल. ‘हा थरांचा खडक. तळ्यातला गाळ साचून झालेला. ह्यात सहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेडकांची हाडं सापडतात!’ म्हटलं, सापडोत बापडी, पण माझ्या बुटात पाणी शिरलंय त्याचं काय? मग बसने शीव. किल्ल्याच्या टेकडीवर चढवलं मला, पन्नाशीच्या माणसाला! ‘मंडळी, हा लाव्हा! इथे जमीन उकळत होती!’ जमिनीचं माहीत नाही, मी उकळत होतो. मग दादरहून गाडीने अंधेरी. तिथे ती गिल्बर्ट टेकडी. आता खरं सांगायचं तर तिथे मात्र जरा… म्हणजे काळ्या दगडाचे उभेच्या उभे खांब, एकाला एक चिकटून, पाच पाच सहा सहा कोनांचे, कोणी घडवून उभे केल्यासारखे, मान वर करकरून दुखावी इतके उंच. प्रोफेसरांनी हातोडी पिशवीत ठेवली. मग हळूच म्हणाले, ‘शरदराव, मी चाळीस वर्षं इथे येतोय. दरवेळी वाटतं, आपण किती लहान, आणि ते किती बरं आहे.’ मी म्हटलं, ‘हो, हो.’ आणि सावली शोधून आडवा झालो. दगड तो दगड, त्यात बघायचं काय?

आता त्यांची एक पद्धत होती, ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यात आहे. प्रत्येक ठिकाणी सहलीतल्या माणसाने एक दगड उचलायचा. वरळीला दोन, शिवेला एक, अंधेरीला दोन. एकूण पाच. सहलीत माणूस किती? मी! म्हणजे पाचही मीच उचलले. उचलले म्हणजे काय, हाताला आला तो दिला. मग प्रोफेसर खाली बसणार, दगडाला सुतळी बांधणार, सुतळीला चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर बारीक अक्षरात लिहिणार… क्रमांक, ठिकाण, तारीख, वेळ, आणि खाली ‘संग्राहक: श. वि. धैर्यवान’.

मी म्हटलं, ‘अहो प्रोफेसर, माझं नाव कशाला? तुमचंच टाका.’ तर ते गंभीर होऊन म्हणाले, ‘तुम्ही उचलला ना? मग तुमचं नाव. चिठ्ठीवर खोटं लिहायचं नसतं. चिठ्ठी आहे म्हणून तो नमुना, चिठ्ठी काढली की रस्त्यावरचा धोंडा.’ मला ते आवडलं नाही. का? कारण आमच्या कचेरीत आठच दिवसांपूर्वी परिपत्रक फिरलं होतं, सरकारी नोकरांनी चळवळीच्या जवळपास दिसायचं नाही, नाव कशातही येता कामा नये. साहेबांनी प्रत्येकाला बोलावून सही घेतली होती. आता दगडाचा आणि चळवळीचा काय संबंध म्हणाल? तेव्हा मीही तेच म्हटलं. दगड तो दगड!

संध्याकाळी चर्नी रोडला उतरलो. आणि उतरलो तोच डोळे चुरचुरायला लागले. चौपाटीवर सभा होती. कोणाची, कोण काय बोललं, मला विचारू नका, मी सरकारी नोकर. एवढं खरं, की लोकांना ते सोसलं नाही, सभा उधळली, चपला उडाल्या, दगड उडाले, आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला. माणसं धावतायत, कोण कुठे कळत नाही, दुकानांच्या फळ्या धडाधड लागतायत. प्रोफेसरांना दम्याची जुनी व्याधी. खोकून खोकून ओणवे झाले. पिशवी माझ्या हातात दिली, म्हणाले, ‘जरा धरा, मी त्या नळावर डोळे धुऊन येतो.’ आणि गेले की!

मी एका घराच्या जिन्याखाली उभा. हातात पिशवी. समोरच्या कोपऱ्यावर पोलीस एकेकाला अडवतायत, पिशव्या उलट्या करतायत. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दगडफेक झालीय, आणि मी उभा आहे कुठे, तर गिरगावात. हातात काय? दगड! आणि दगडांवर काय? माझं नाव! एकदा नाही, पाचदा! वळणदार अक्षरात! तारखेसकट! वेळेसकट! अहो, कुठल्या दगडफेक्याने आजवर दगडावर स्वतःचं नाव लिहून ठेवलं असेल?

पिशवी टाकून पळावं? टाकली तर ते उघडून वाचतील. कोण हा श. वि. धैर्यवान? कचेरीत फोन. चार वर्षं राहिली होती हो माझ्या नोकरीची! सुनंदाचं लग्न व्हायचं होतं! पिशवीत हात घातला, एक चिठ्ठी ओढली, फाटून आली. दुसरी ओढली. तिसरी, चौथी, पाचवी. सुतळ्या तशाच राहिल्या, चिठ्ठ्या हातात. आता ह्यांचं काय करायचं? टाकल्या तर उचलतील, खिशात ठेवल्या तर खिसे तपासतील. मग?

खाल्ल्या.

हो! खाल्ल्या! सव्वीस वर्षं कागद सांभाळणारा माणूस मी, कचेरीत कागदाचा कपटा हरवला तर रात्रभर झोप न येणारा, मी कागद खाल्ले. वरळी गिळली, शीव गिळली, अंधेरीची पहिली चिठ्ठी अर्धी उतरली, आणि तेवढ्यात प्रोफेसर आले, चेहरा ओला, डोळे लाल, आणि म्हणाले, ‘द्या ती पिशवी, तुम्हाला जड होतेय.’ आणि मी… तुम्हाला सांगतो, इथे मला थांबवता आलं असतं. मी म्हणू शकलो असतो, नको, टाकू या, पळू या. तोंडात कागद होता. मी पिशवी दिली.

दहा पावलं गेलो नाही तर हवालदार आडवा. ‘ओ म्हातारबाबा, काय आहे पिशवीत?’ आता माणसाने काय म्हणावं? डबा आहे, पंचा आहे… काहीही! प्रोफेसरांचा चेहरा खुलला हो! सबंध दिवसात त्यांना कोणी आपण होऊन प्रश्न विचारला तो हा पहिला! ‘दगड!’ म्हणाले. ‘पाच आहेत. फार सुंदर आहेत. दाखवतो.’ हवालदाराने शिट्टी फुंकली. आणखी दोघे आले. प्रोफेसर म्हणतायत, ‘अहो, नमुने आहेत ते, प्रत्येकाला चिठ्ठी आहे, वाचा ना, कुठला, किती वाजता, सगळं लिहिलंय…’ आणि त्यांनी एक दगड बाहेर काढला. सुतळी लोंबतेय. चिठ्ठी नाही. दुसरा काढला. सुतळी. चिठ्ठी नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी चावत होतो.

त्यांना कळलं. मास्तर माणूस, पोरांच्या तोंडावरून ओळखायचे. हवालदाराने विचारलं, ‘आणि हे कोण? तुमच्याबरोबर आहेत?’ प्रोफेसर म्हणाले, ‘नाही. वाटेत भेटले.’ चिठ्ठीवर खोटं लिहायचं नसतं म्हणणारा माणूस! आणि त्याच वेळी त्यांच्या हातातला दगड निसटला, गडगडत रस्त्यावर गेला, आणि हे वाकले उचलायला. आता त्या गर्दीत, त्या धुरात, खाली वाकून दगड उचलणारा माणूस पोलिसाला कसा दिसणार? लाठी मनगटावर बसली. आवाज झाला. मला तो आवाज अजून ऐकू येतो. ते ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, ‘अहो, जपून, तो ठिसूळ आहे.’ दगड हो! मनगट नाही, दगड!

मी घरी आलो. उर्मिलेने विचारलं, ‘प्रोफेसर कुठायत?’ मी म्हटलं, ‘वाटेत चुकामूक झाली.’ भुजणं झाकून ठेवलं होतं माझ्यासाठी. जेवलो. जेवलो मी!

दुसऱ्या दिवशी सोमवार. फाउंटनला काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, मी काय सांगू? आमच्या कचेरीच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. गोळ्यांचा आवाज तरीही आला. संध्याकाळी येताना रस्ता धुतला होता आणि चपला पडल्या होत्या, जोड नसलेल्या, एकेकट्या. पोलीस कोठड्या भरून वाहायला लागल्या, आणि त्या गर्दीत एका मास्तराच्या पाच दगडांची कहाणी कोण ऐकणार? प्रोफेसर आत, मनगट बांधलेलं, खटला पंधरा दिवसांनी. दंगल, दगड बाळगणे, पोलिसावर उगारणे.

आठ दिवस मी घरी काही बोललो नाही. नवव्या दिवशी सांगितलं. उर्मिला ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘कोर्टात जा. सांगा.’ मी म्हटलं, ‘नोकरी?’ ती म्हणाली, ‘मी विचारलं का नोकरीचं?’ आणि उठून आत गेली. तेव्हापासून ताट वाढायची, पण बोलायची नाही. सुनंदा तर माझ्याकडे बघायचीही नाही. ते न बघणं फार वाईट असतं हो, ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मग गेलो! हो, गेलो! रजेचा अर्ज लिहिला, कारण ‘खाजगी काम’, साहेबांनी चष्म्यावरून बघितलं, सही केली. कोट घातला, टोपी घातली. प्रोफेसरांच्या वकिलाला भेटलो, म्हटलं, मी साक्षीदार. तो म्हणाला, ‘इतके दिवस कुठे होता?’ पिंजऱ्यात उभा राहिलो. समोर आरोपीच्या जागी प्रोफेसर, दाढी वाढलेली, हात गळ्यात. मला बघून त्यांनी मान हलवली, नको नको अशी. पण मी ठरवलंच होतं. शपथ घेतली आणि सगळं सांगितलं, सहल, वरळी, शीव, अंधेरी, चिठ्ठ्या.

मॅजिस्ट्रेट म्हणाले, ‘कुठे आहेत त्या चिठ्ठ्या?’

मी म्हटलं, ‘खाल्ल्या, साहेब.’

अख्खं कोर्ट हसलं. पट्टेवालासुद्धा हसला. हसा म्हटलं, पण लिहून घ्या. तेवढ्यात सरकारी वकील उठला. बारीक, गोड आवाजाचा माणूस. ‘धैर्यवानसाहेब, आपण दिवसभर ह्या सहलीत होता?’ होतो. ‘दगड आपण स्वतः उचलले?’ उचलले. ‘छान. मग हे पाच दगड. आता आपणच सांगा कोर्टाला, वरळीचे कुठले, शिवेचा कुठला, अंधेरीचे कुठले? आपण सांगितलंत तर मी आत्ताच मान्य करतो, हे नमुने आहेत म्हणून.’

टेबलावर पाच दगड मांडले.

तुम्हाला सांगतो, मी आयुष्यात पहिल्यांदा दगडाकडे बघितलं. डोळे फाडून बघितलं. घाम डोळ्यांत उतरत होता. काळा… हा पण काळाच… हा जरा… वरळीला मी काय करत होतो? बुटातलं पाणी काढत होतो. शिवेला? सावली बघत होतो. अंधेरीला झोपलो होतो! त्या माणसाने दिवसभर घसा फोडून फोडून मला सांगितलं होतं, एकट्या मला, आणि मी एक शब्द ऐकला नव्हता. मी एक उचलला, म्हटलं, ‘हा वरळीचा.’ दुसरा, ‘हा अंधेरीचा.’ असे पाचही सांगितले. वकिलाने लिहून घेतले, ‘वा!’ म्हणाला, मग पाठ फिरवून दगड इकडचे तिकडे केले आणि परत मांडले. ‘आता पुन्हा सांगा.’

मी पुन्हा सांगितलं. मघाशी जो वरळीचा होता तो आता शिवेचा झाला.

ह्या वेळी कोणी हसलं नाही. प्रोफेसरांनी डोळे मिटून घेतले होते. ओठ हलत होते त्यांचे, वर्गात पोरगं अडलं की मास्तरांचे हलतात तसे. पण आरोपीला मध्ये बोलायची परवानगी नव्हती. मॅजिस्ट्रेट म्हणाले, साक्षीदार विश्वसनीय वाटत नाही, आरोपीला वाचवण्यासाठी बनाव केलेला दिसतो. तीन महिने सक्तमजुरी. सत्तावन्न वर्षांचा दमेकरी माणूस, मोडलेला हात, आणि सक्तमजुरी!

बाहेर नेताना ते माझ्याजवळून गेले. मी हात जोडले. मला वाटलं, शिव्या देतील, द्याव्यात. तर ते थांबले, आणि अगदी समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, ‘शरदराव, तिसरा आणि पाचवा. वरळीचे. थर दिसतात बघा, पिवळट. बोटांनासुद्धा लागतात.’ पोलिसाने दंड ओढला. मी म्हटलं, ‘हो सर.’ सर म्हटलं मी त्यांना, पहिल्यांदाच.

घरी सांगितलं तर सुनंदा इतक्या दिवसांनी बोलली. ‘बाबा, खांबांचा दगड गच्च काळा असतो आणि वरळीचा पापुद्र्यांचा. मला विचारायचं होतंत ना. सरांनी मला दोन दिवसांत शिकवलं होतं.’ अहो, घरात होतं उत्तर! आतल्या खोलीत! मला काय माहीत, दगडांची परीक्षा होणार आहे म्हणून? दगड तो दगड… जाऊ दे.

पुढे काय? व्हायचं तेच. प्रोफेसरांचं नाव कॉलेजने कमी केलं. त्यांची खोली बंद आहे, चावी आमच्याकडे आहे, उर्मिला रोज जाऊन झाडते, दगडांना हात लावत नाही. ते सुटून येतील तेव्हा मी इथे नसेन. कारण पेपरात चार ओळी आल्या, ‘चिठ्ठ्या खाणारा साक्षीदार’, नावासकट. चार वर्षं नाव सांभाळायचं होतं, ते चार ओळींत गेलं. साहेबांनी बोलावलं. नोकरी काढली नाही हो, सरकार इतकं कठोर नसतं. बदली केली. इडरला. गुजरातेत, साबरकांठ्यात. सुनंदाचं कॉलेज इथे, म्हणून त्या दोघी इथेच राहणार, मी एकटाच जाणार. उर्मिलेने ट्रंक भरून दिली. बोलली एवढंच, ‘लोकरीचं काही लागेल का?’

आमच्या कचेरीतला राजाराम तिकडे दोन वर्षं होता. त्याला काल विचारलं, ‘काय रे, कसं काय आहे गाव? मासे मिळतात का?’ तो म्हणाला, ‘मासे? अहो धैर्यवानसाहेब, पाणी मिळालं तर नशीब! काही नाही हो तिथे. नुसते दगड. घराएवढे, एकावर एक रचल्यासारखे, जिकडे जाल तिकडे. बघायला दुसरं काही नाहीच.’

मी म्हटलं, बरं. बघतो.